पहिल्यांदाच ड्रिफ्ट बोटीतून स्टीलहेडला जाताय? आधी वल्ह्यांकडे बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वर्षभरापूर्वी ओरेगॉनातल्या हिल्सबरोला राहायला आलात, ऑफिसातला मित्र फेब्रुवारीत विल्सन नदीवर त्याच्या ड्रिफ्ट बोटीतून स्टीलहेड, म्हणजे समुद्रातून नदीत चढून येणारा ट्राउट मासा, पकडायला नेणार आहे, आणि लहानपणी गावच्या नदीत गरी टाकली त्यापलीकडे तुम्हाला अनुभव नाही. कोणता रॉड घेऊ, कपडे काय घालू, मासा मिळेल का, आणि मित्राला माझं ओझं होऊ नये म्हणून काय करू?

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीच्यांची उत्तरं त्याच्याच पोटात आहेत. रॉड घेऊ नका. मित्राच्या बोटीत त्या नदीला जुळणारे चार रॉड तयार असणार आणि ते तुमच्या नव्या रॉडपेक्षा नक्की बरे असणार. तुम्ही दिवसभर एकच गोष्ट करा: तो वल्ही कशी मारतो ते बघा. ड्रिफ्ट बोटीत मासा कुणाच्याही दोरीला लागो, तो आणलेला असतो वल्ह्यावर बसलेल्या माणसाने. हे ज्याला पहिल्या दिवशी कळतं त्याला पुढच्या वेळी परत बोलावणं येतं. मी ओरेगॉनात बावीस वर्षं आहे. पहिले सहा हिवाळे मी पुढच्या सीटवर बसून घालवले आणि मासे आपणच पकडतोय असं मला वाटायचं. सातव्या हिवाळ्यात वल्ही हातात आली तेव्हा समजलं की त्या सहा वर्षांत माझ्यासाठी कुणी किती घाम गाळला होता.

आधी होडीबद्दल. आपल्याकडची होडी डोळ्यांसमोर आणू नका. ड्रिफ्ट बोटीचा हा घाट ओरेगॉनातल्या मॅकेन्झी नदीवर, गेल्या शतकाच्या पूर्वार्धात, तिथल्या गाइड लोकांच्या आणि सुतारांच्या हातून घडला. तळ सपाट आणि दोन्ही टोकं केळ्यासारखी वर उचललेली. सोळा-सतरा फूट लांबीची होडी, पण पाण्याला टेकतो तो मधलाच भाग, त्यामुळे एका वल्ह्याच्या फटक्यात ती जागच्या जागी गर्रकन फिरते आणि गुडघाभर पाण्यातूनही तरून जाते. पूर्वी लाकडी असायच्या, आता बहुतेक अॅल्युमिनियमच्या किंवा फायबरग्लासच्या. वल्हवणारा मधोमध बसतो, तोंड उताराकडे करून. एरवी वल्हवणारा जायच्या दिशेला पाठ करून बसतो, इथे तो पुढचं सगळं पाणी बघत असतो आणि वल्ही स्वतःकडे ओढत असतो, म्हणजे प्रवाहाच्या उलट. नदी होडीला नेतेच आहे, तिच्यात भर घालायची गरज नसते. प्रवाह ताशी पाच मैलांचा असेल तर होडी दोन मैलांनी जावी एवढा तिला मागे धरून ठेवायचा, हे त्याचं काम. आणि हे काम सहा-सात तास चालतं.

दुसरी गोष्ट दिशेची. समोर खडक आला की नवख्याचा हात होडीचं तोंड खडकापासून वळवायला जातो. इथे उलटं करायचं असतं: तोंड थेट धोक्याकडे तिरकं रोखायचं आणि वल्ही मागे ओढायची, की होडी आडवी सरकत धोक्यापासून दूर जाते. माझ्या मित्राने मला हे शिकवताना एवढंच सांगितलं होतं, 'ज्याची भीती वाटते त्याच्याकडे तोंड कर आणि मागे ओढ.' हा मित्र आता सत्तरीच्या पुढे आहे, आयुष्यभर इलेक्ट्रिशियनचं काम केलेला माणूस. त्याचे तळहात बघाल तर अंगठ्याच्या मुळाशी दोन्हीकडे सारखाच घट्टा आहे, वल्ह्याच्या मुठीच्या आकाराचा. होडी शांत पाण्यात असली तरी त्याची वल्ही कधी पूर्ण थांबत नाहीत. पात्याचं टोक पाण्यात किंचित फिरत राहतं, जसं उकळत्या चहावर लक्ष ठेवणाऱ्याचं बोट गॅसच्या खुंटीवर असतं. तुमच्या मित्राच्या हातांतही हे दिसेल. बघा.

आता दिवस कसा जाईल ते. पहाटे चारला उठावं लागेल. ओरेगॉनात सूर्योदयाच्या एक तास आधीपासून मासेमारीला परवानगी आहे आणि उजाडताना पहिल्या डोहावर पोचलेल्या होडीला जे मिळतं ते दहा वाजता येणाऱ्याला मिळत नाही. तुम्ही हायवे ६ ने कोस्ट रेंज ओलांडून टिलामूककडे उतराल. अंधारात दिसणार नाही, पण परतीच्या वाटेवर जंगल नीट बघा. मोठ्या डोंगरउतारांवरची झाडं जवळजवळ एकाच वयाची वाटतील. १९३३, १९३९, १९४५ आणि १९५१, असे बरोबर सहा-सहा वर्षांच्या अंतराने इथे वणवे पेटले, त्याला टिलामूक बर्न म्हणतात, आणि नंतर हे डोंगर माणसांनी हाताने परत लावले, शाळकरी मुलांनीसुद्धा. विल्सन नदी याच डोंगरांतून उतरते. टिलामूकच्या खाडीत पाच नद्या येऊन मिळतात, त्यातली ही एक.

मित्र आदल्या रात्री दहा वेळा फोनमध्ये काहीतरी बघताना दिसला तर तो नदीची पातळी बघतोय. विल्सनवर टिलामूकच्या वर मोजपट्टी आहे, तिचे आकडे सतत येत असतात, आणि पोर्टलंडच्या नदी-अंदाज केंद्राकडून पुढच्या काही दिवसांचा अंदाजही मिळतो. साधारण पाच फुटांच्या आसपास, पूर ओसरत असताना, ही नदी उत्तम. सात फुटांवर पाणी चहासारखं गढूळ आणि चार फुटांखाली इतकं नितळ की मासा तुमच्या आधी तुम्हाला बघतो. डोंगराळ नदी असल्यामुळे ही पावसात भराभर चढते आणि भराभर उतरते. म्हणून मित्राने शनिवारचा बेत शुक्रवारी रात्री रद्द केला तर मनाला लावून घेऊ नका. इथले लोक ज्याला स्टीलहेड ग्रीन म्हणतात तो रंग एकदा बघितलात की तुम्हाला पटेल: कच्च्या कैरीच्या सालीसारखा हिरवा, दोन-तीन फूट खोलवरचे दगड अंधुक दिसतात आणि त्याखाली काही नाही.

होडी टाकायची एका जागी आणि काढायची नदीच्या खाली दुसऱ्या जागी, म्हणून गाडीची सोय आधी लागते. एकतर दोन गाड्या नेतात किंवा पैसे घेऊन गाडी खालच्या धक्क्यावर नेऊन ठेवणारी स्थानिक माणसं असतात. बहुधा तुम्ही मिल्स ब्रिजला होडी टाकून सॉली स्मिथ ब्रिजला काढाल. नवख्याला घेऊन जायला तोच पल्ला बरा. धक्क्यावर एक शिस्त आहे: सामान भरणं, रॉड जोडणं, वेडर, म्हणजे पाण्यात उतरायची छातीपर्यंतची जलरोधक विजार, चढवणं हे सगळं बाजूला उभं राहून उरकायचं आणि उतारावर गाडी लावली की दोन मिनिटांत होडी पाण्यात. मागे अंधारात हेडलाइट लावून पाच जण थांबलेले असतात. तुम्ही तिथे होडीची दोरी धरून उभे राहिलात आणि ती सोडली नाहीत, एवढं पुरे.

पाण्यावर गेल्यावर पहिला तासभर गप्प राहून नदी वाचायला शिका. स्टीलहेड समुद्रातून चढून येतोय, त्याला कमीत कमी ताकद खर्चून वर जायचंय. त्यामुळे तो खळाळत्या पाण्यात थांबत नाही आणि अगदी निवांत डोहातही क्वचितच. माणूस रमतगमत चालतो त्या वेगाचं, तीन ते आठ फूट खोलीचं पाणी ही त्याची जागा. वेगवान धार आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासून जातात तिथे पृष्ठभागावर एक शिवण दिसते, बुडबुडे तिच्यावरून रांगेत जातात. त्या शिवणीच्या संथ अंगाला बघा. खांद्याएवढ्या दगडाच्या पुढे आणि मागे बघा. डोह संपून पाणी पुन्हा उथळ होत उताराला लागतं त्या शेपटीच्या भागात सकाळी सकाळी हमखास बघा, कारण रात्री खळाळ चढून दमलेला मासा पहिला विसावा तिथेच घेतो. उन्हं वर आली आणि होड्या ये-जा करू लागल्या की तो खोल सरकतो. कोकणातल्या कोंडात कुठे गरी टाकायची हे ज्याने आज्याकडून शिकलंय त्याला यात नवल वाटणार नाही. पाणी सगळीकडे एकाच भाषेत बोलतं, फक्त इथे ते गार आहे. फेब्रुवारीत विल्सनचं पाणी पाच-सहा अंश सेल्सियसच्या घरात असतं. त्यामुळे मासा आळसावलेला, आमिषामागे दहा फूट धावत जाणार नाही. ते त्याच्या तोंडाजवळून, त्याच्या उंचीवरून, त्याला पटेल अशा वेगाने गेलं पाहिजे. आणि तो वेग ठरवतो वल्हवणारा.

पद्धती बऱ्याच आहेत. नवख्यासाठी सगळ्यात सोपी म्हणजे प्लग ओढणं. प्लग हा माशाच्या आकाराचा, पाण्यात थरथरत खाली जाणारा प्लास्टिकचा तुकडा. दोन्ही रॉडची दोरी उताराकडे सारखीच सोडायची, साधारण पन्नास फूट, आणि रॉड खोबणीत ठेवून द्यायचा. वल्हवणारा होडीला इतकी मागे धरतो की दोन्ही प्लग एका ओळीत, भिंतीसारखे, इंचाइंचाने डोहात सरकतात. मासा मागे मागे हटतो, आणि हटायला जागा संपली की चिडून तोंड मारतो. इथे एकच नियम पाळा: रॉडचं टोक दोन-तीनदा वाकलं तरी हात लावायचा नाही. रॉड पूर्ण वाकून पाण्याकडे गेला आणि रील ओरडायला लागली की मगच उचलायचा. माझे पहिले तीन मासे मी घाईने रॉड उपसून घालवले. मित्र काही बोलला नाही, त्याने होडी ओढत पुन्हा वर नेली, तीनही वेळा.

पण तुम्हाला खरी गोडी लागेल ती साइड-ड्रिफ्टिंगची, म्हणून तिच्याबद्दल जरा जास्त सांगतो. यात वल्हवणारा होडी प्रवाहाच्याच, म्हणजे तळाजवळून जाणाऱ्या आमिषाच्या वेगाने सोडतो. तुम्ही आडवी, किंचित प्रवाहाच्या वर फेक टाकायची. दोघे असाल तर दोघांनी एकदमच. मग रील फिरवायची नाही, फक्त ढिली दोरी गोळा करायची. टोकाला लहानसं शिसं, त्यापुढे तीन-चार फुटांची बारीक दोरी, एक छोटा गळ, लोकरीचा गुलाबी-नारिंगी पुंजका आणि गाबोळी. होय, गाबोळीच. सॅमनची, मीठ-साखर-बोरॅक्स लावून मुरवलेली, चिकट आणि लालभडक. आपण जिच्यावर ताव मारतो तीच इथे गळाला अडकते. गळाच्या दांडीवर दोरीचा एक फास सोडलेला असतो, त्यात बोराएवढा तुकडा धरून फास ओढला की तो घट्ट बसतो. हे बांधायला घरी शिकून जा, थंडीने बोटं आखडल्यावर पहिल्यांदा शिकता येत नाही.

फेक पडली की शिसं तळाला लागतं आणि दोन-तीन सेकंदांनी एकेक ठोका दोरीतून हातात येतो. टक्. थोडा वेळ काही नाही. टक्. हे ठोके म्हणजे नदीचा तळ. गोटे असतील तर कोरडा ठोका, वाळू असेल तर घसट, शेवाळ असेल तर मऊ ओढ. एकसारखे ठोके येत असतील तर शिसं जड झालं, अजिबात येत नसतील तर हलकं. अर्धा दिवस तुम्ही फक्त हे ऐकणार आहात. आणि मग कधीतरी ठोके थांबतात. झटका नाही, काही नाही, फक्त पुढचा ठोका यायला हवा होता आणि तो आला नाही. दोरी रबरासारखी जरा जड होते. तेव्हा रॉड आडवा, उताराच्या दिशेने, शांतपणे उचलायचा. शंभरातल्या नव्वद वेळा तो दगड असतो.

उरलेल्या वेळी काय होतं ते मी लिहून सांगू शकणार नाही, पण त्या क्षणी कुणी काय करायचं ते सांगतो, कारण तिथेच गोंधळ होतो. ज्याला मासा लागला त्याने रॉड उभा धरून रीलला दोरी सोडू द्यायची, पहिल्या धावेत अडवायचं नाही. मासा हवेत उडाला की रॉडचं टोक त्याच्याकडे झुकवायचं म्हणजे ताणलेली दोरी तुटत नाही. दुसऱ्याने ताबडतोब स्वतःची दोरी गुंडाळून घ्यायची आणि जाळी घेऊन बसायचं. बसायचं. उभं राहायचं असेल तर वल्हवणाऱ्याला विचारून, कारण दोघे एका बाजूला धावले की होडी कलते. वल्हवणारा तोवर होडी माशामागे सोडतो, आणि हळूहळू काठाजवळच्या संथ पाण्यात आणतो. जाळीत मासा नेहमी डोक्याकडून घ्यायचा. शेपटीकडून घेतला तर तो एका फटक्यात पुढे निघून जातो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मासा जाळीत असताना, पाण्यातच, त्याच्या पाठीवरचा मोठा पर आणि शेपूट यांच्या मधे बघा. तिथे एक बोटाच्या पेराएवढा, हाड नसलेला, मांसल पर असतो. पैदास केंद्रात वाढवलेल्या पिल्लांचा हा पर सोडण्यापूर्वी कापतात. तो नसेल, त्या जागी भरून आलेला वण असेल, तर मासा घरी नेता येतो. पर शाबूत असेल तर मासा नदीत जन्मलेला, आणि तो सोडायचा. काही नद्यांवर काही काळ वेगळे नियम असतात, ते त्या हंगामाच्या पुस्तिकेत बघावे, पण तुमच्यापुरता हा नियम पक्का धरा.

सोडायचा म्हणजे कसा? होडीत घेऊन, फोटो काढून, मग पाण्यात टाकून नव्हे. वॉशिंग्टन राज्यात सोडायचा जंगली स्टीलहेड पाण्याबाहेर पूर्ण काढणंच बेकायदा आहे, आणि नियम नसला तरी मी सगळीकडे तेच करतो. रबराची जाळी पाण्यात ठेवायची, हात ओले करायचे, हातमोजे काढायचे. एक हात शेपटीच्या देठाशी, दुसरा पोटाखाली पुढच्या परांच्या मागे. कल्ल्यांना बोट लावायचं नाही. गळ पक्कडीने उलटा काढायचा. तोंड प्रवाहाकडे करून धरायचा. समुद्रातून दोन दिवसांत आलेला असेल तर अंग आरशासारखं लख्ख असतं, खवले बोटांना चिकटून येतात आणि शेपटीजवळ समुद्रातल्या उवा अजून चिकटलेल्या दिसतात. गोड्या पाण्यात त्या काही दिवसांत गळून पडतात. नदीत मुरलेला असेल तर बाजूवर गुलाबी पट्टा उमटलेला. कल्ले उघडमीट करताना तुमच्या हातात त्याची ताकद परत भरत येते ती जाणवते, आणि मग तो स्वतःच जातो. ढकलावं लागत नाही.

महाडजवळच्या वाळण कोंडात मी लहानपणी आजीबरोबर जायचो. तिथले खवले मासे वरदायिनीचे, त्यांना कुणी हात लावत नाही. लोक चुरमुरे टाकतात आणि हातभर लांबीचे मासे पायाशी येतात. मामा अट्टल गरवणारा, पण कोंडाजवळ आला की गरी पिशवीतच राहायची. त्याला कुणी नियमपुस्तिका दिली नव्हती. हा खवला म्हणजेच डेक्कनचा महासीर, शास्त्राच्या पुस्तकात पहिल्यांदा नोंदला गेला तो १८३९ मध्ये, पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून, आणि आज त्या नदीत तो शोधून सापडणार नाही. पर शाबूत असलेला स्टीलहेड हातातून जातो तेव्हा मला ही दोन्ही पाणी आठवतात.

कारण स्टीलहेडही ठिकठिकाणी संकटात आहे. तुमच्या घराजवळच्या क्लॅकमस आणि सँडी या नद्या ज्या लोअर कोलंबिया गटात मोडतात, त्यातला स्टीलहेड १९९८ पासून अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या संकटग्रस्त यादीत आहे. धरणं, जंगलतोड, तापलेलं पाणी, पैदास केंद्रातल्या माशांशी झालेली सरमिसळ, समुद्रातलं बदललेलं अन्न, कारणं अनेक. चांगलंही घडतं: सँडीवरचं मार्मट धरण २००७ मध्ये फोडलं आणि नदी मोकळी झाली.

हा मासा म्हणजे काय तेही थोडक्यात सांगतो. मनालीला जेवणात रेनबो ट्राउट खाल्ला असेल तर तुम्ही याचाच सख्खा भाऊ खाल्लात. जात एकच. एकाच आईच्या पिल्लांतली काही जन्मभर नदीत राहतात, ती रेनबो ट्राउट. काही साधारण दोन वर्षांची झाली की चंदेरी होऊन समुद्रात जातात, उत्तर पॅसिफिकमध्ये एक ते तीन वर्षं फिरतात आणि वासावरून आपली नदी शोधत परत येतात, ती स्टीलहेड. सॅमन एकदा अंडी घालून मरतो, स्टीलहेड तसा मरेलच असं नाही, काही परत समुद्रात जाऊन पुन्हा येतात. १९८९ पर्यंत शास्त्रज्ञ त्याला अटलांटिक सॅमनच्या वंशात (जीनसमध्ये) धरत, मग पॅसिफिक सॅमनच्या वंशात घेतला. साधारण आठ-दहा पौंडांचा असतो. दोरीवर पकडलेला जगातला सगळ्यात मोठा म्हणून नोंदलेला १९७० मध्ये अलास्कातल्या बेल आयलंडजवळचा, ४२ पौंड २ औंस. मार्चनंतर गेलात तर एक लक्षात ठेवा: उथळ पाण्यात रेतीगोट्यांचा एखादा पट्टा आसपासच्यापेक्षा स्वच्छ, फिकट दिसला तर तिथे पाय ठेवू नका. मादीने शेपटीने उकरून अंडी पुरलेली असतात.

सुरक्षिततेबद्दल माझीच चूक सांगतो. वल्ह्यांवरचा माझा पहिला हिवाळा. मित्राला पुढे मासा लागला, सुंदर उडी मारली त्याने, आणि मी मासा बघत राहिलो. दहा सेकंद असतील. होडी आडवी फिरली आणि घराच्या दारापेक्षा रुंद खडकावर कुशीने जाऊन टेकली. पाण्याची सगळी ताकद प्रवाहाकडच्या, म्हणजे वरच्या कुशीवर. अशा वेळी अंग आपोआप खडकापासून दूर, म्हणजे वरच्या बाजूला झुकतं, आणि तीच बाजू पाण्याखाली जाऊन होडी भरते. मित्राने रॉड टाकला आणि ओरडला, 'हाय साइड!' आम्ही दोघांनी खडकाच्या बाजूला अंग झोकलं. वरची कड चार बोटं उचलली गेली, दोन बादल्या पाणी आत आलं आणि होडी घसरत सुटली. रॉड गेला, मासा गेला. ओला झालेला मित्र काठाला लागल्यावर म्हणाला, 'मासा मी बघतो, तू नदी बघ.' त्या दिवसापासून मी वल्ह्यावर असताना कुणाचाही मासा बघितलेला नाही, जाळीत येईपर्यंत.

म्हणून 'हाय साइड' हा शब्द लक्षात ठेवा आणि तो ऐकला की विचार न करता खडकाच्या किंवा ओंडक्याच्या बाजूला झुका. खडकापेक्षाही पडलेल्या झाडाची भीती जास्त बाळगा, पाणी फांद्यांतून आरपार जातं आणि माणूस अडकतो. लाइफ जॅकेट अंगात घालूनच बसा, सीटखाली ठेवून नव्हे. ओरेगॉनात अवघडपणाच्या मापात तिसऱ्या श्रेणीपासून वरच्या धारांत ते सगळ्यांना सक्तीचं आहे, पण पाच अंशाच्या पाण्यात श्रेणी बघत बसू नये. वेडर घातला तर कमरेचा पट्टा घट्ट. नांगराच्या दोरीजवळ पाय नको: मागे पंचवीस-तीस पौंडांचा लोखंडी किंवा शिशाचा नांगर लटकलेला असतो आणि वेगवान धारेत तो कधीच टाकायचा नसतो. तुम्हाला मदत म्हणून तो सोडावासा वाटला तरी सोडू नका, मित्र सांगेल तेव्हाच.

कपडे: सुती काही नको, जीन्स तर नाहीच. आत लोकर, वर पावसाचं चांगलं जॅकेट, दोन जोड्या हातमोजे, कोरड्या मोज्यांची पिशवी. परवाना आदल्या दिवशी काढा, मत्स्य विभागाच्या अॅपमध्ये मिळतो. ओरेगॉनात सलग सहा महिने राहून झालेत म्हणजे रहिवाशाच्या दरात, आणि सॅमन-स्टीलहेडचा टॅग, म्हणजे ठेवलेल्या माशांची नोंद करायचं कार्ड, वेगळा घ्यायला विसरू नका. विल्सन कोलंबियाच्या खोऱ्यात नाही, त्यामुळे तिथला जादा परवाना या खेपेला लागत नाही, क्लॅकमसला गेलात तर लागेल. मासा ठेवलात तर त्याच जागी, त्याच क्षणी टॅगवर नोंदवायचा. पेट्रोल, गाडी नेऊन ठेवणाऱ्याचे पैसे आणि आमिष यातला निम्मा वाटा न विचारता द्या. खायला थालीपीठं न्या, एका हाताने खाता येतात आणि गार झाली तरी चालतात. मोठ्या थर्मासमध्ये आल्याचा चहा. माझा मित्र आता धक्क्यावर आधी चहा आणला का विचारतो, मग पाण्याची पातळी.

दुपारी एखाद्या लांब, संथ पट्ट्यात मित्राला म्हणा, 'मी थोडा वेळ वल्ही घेऊ का?' तो हो म्हणाला तर दहा मिनिटं घ्या. खांद्याने ओढू नका, पाय पुढच्या आडव्या दांडीला टेकून पाठीने ओढा. लहान फटके, पाती खोल नको. होडी तुम्ही ठरवलेल्या जागी एका जागेवर उभी राहते का एवढंच बघा. त्या दहा मिनिटांत मित्र त्याचा रॉड उचलून, कदाचित त्या दिवसातली त्याची पहिली फेक टाकेल.

मासा मिळेल का? याला इथे हजार फेकींचा मासा म्हणतात, आणि हिशोब फार चुकीचा नाही. चांगल्या माणसाबरोबर, चांगल्या पाण्यात, दोघांत मिळून एखादा मासा लागणं हा चांगला दिवस. काहीच न लागणं हा नेहमीचा दिवस. मी माझ्या डायरीत प्रत्येक दिवसाची पातळी, तापमान आणि मासे लिहितो, आणि त्यात शून्यच जास्त आहेत.

मिळाला आणि पर कापलेला निघाला, तर डोक्यावर एक नेमका घाव घालून लगेच मारा, कल्ल्याजवळची शीर कापून रक्त जाऊ द्या आणि ओल्या गोणपाटाखाली गार ठेवा. मांस नारिंगी आणि तेलकट असतं. हळद, मीठ, लिंबू आणि थोडं तिखट लावून तव्यावर कातडी खाली ठेवून भाजा. चिंचेच्या कालवणात त्याची चव बुडून जाते. अर्धा मासा मित्राच्या घरी जाऊ द्या. आणि मादी असली, पोटात गाबोळी निघाली, तर ती घरी नेऊन तळायचा मोह आवरा. न धुता, न फोडता, अख्खी कागदात गुंडाळून मित्राच्या हातात द्या. रात्री तो ती मुरत घालेल आणि पुढच्या खेपेला तुमच्या गळाला तीच असेल.